‘सहा वर्षांच्या आत ८५ टक्के’ : पण ८५ टक्के कशाचे?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, बालशिक्षणाच्या पहिल्याच प्रकरणात एक वाक्य आहे. आशय असा, की मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून जास्त विकास वयाची सहा वर्षं पूर्ण होण्याआधी होतो. तेव्हापासून हा आकडा सगळीकडे दिसतो. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात, प्ले-ग्रुपच्या फ्लेक्सवर आणि आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये. बालविकास, शिक्षणशास्त्र, पोषण, समाजकार्य, विषय कुठलाही असो, पहिल्या परिच्छेदात ‘८५ टक्के’ टाकला की प्रस्तावनेला वजन आल्यासारखं वाटतं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही तो असेल तर काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण कमिटीसमोर बसल्यावर कुणी शांतपणे विचारलं, ‘८५ टक्के कशाचे?’, तर काय सांगाल? टक्केवारी म्हणजे अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. वजन असेल तर छेदात ग्रॅम येतात, मार्क असतील तर एकूण मार्क. ‘विकासा’च्या खाली छेदात काय लिहायचं? या एका प्रश्नाचा माग काढत गेलं की मेंदूच्या वाढीबद्दल बरंच काही हाती लागतं, आणि संशोधनाचा पेपर कसा वाचायचा तेही.

सगळ्यात सोपा छेद म्हणजे आकार. नवजात बाळाचा मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो आणि प्रौढ माणसाचा १३०० ते १४०० ग्रॅमचा. म्हणजे जन्माच्या वेळी पाव भागाहून थोडा जास्त. पुढचा वेग मात्र थक्क करणारा आहे. निकमायर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली लहान बाळांच्या एमआरआयवरून मोजमाप छापलं. पहिल्या वर्षात मेंदूचं आकारमान १०१ टक्के वाढतं, म्हणजे दुपटीहून किंचित जास्त होतं, आणि दुसऱ्या वर्षात आणखी १५ टक्के. यासाठी एमआरआयच हवा असंही नाही. दवाखान्यात बाळाच्या डोक्याभोवती टेप गुंडाळतात ना, त्यातही हेच दिसतं. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर ३४ सेंमीच्या आसपास असतो. पहिल्या वाढदिवसापर्यंत त्यात अकरा-बारा सेंमीची भर पडते, आणि त्यापुढच्या चार वर्षांत मिळून जेमतेम पाच. (ही मोजमापं जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-मानकांतली. ती ज्या सहा देशांतल्या मुलांवरून ठरवली त्यांत भारतही होता आणि आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या बाळाला तोच तक्ता लावताना ही गोष्ट लक्षात असू द्या.)

तर आकाराच्या हिशेबात ८५ टक्के हा आकडा पटतो. सहाव्या वर्षी मेंदू प्रौढ आकाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचलेला असतो, म्हणजे धोरणातलं वाक्य उलट जरा हात राखूनच लिहिलंय.

पण आकार म्हणजे विकास नव्हे. मेंदूचं काम चालतं ते चेतापेशींमधल्या जोडण्यांवर, म्हणजे सिनॅप्सवर. मग छेदात सिनॅप्स घालून बघू. इथे आकडा पार कोलमडतो.

लहान मुलांच्या मेंदूतल्या सिनॅप्सबद्दल आज जे काही सांगितलं जातं, त्याचा बराचसा भार एका माणसाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या मोजणीवर आहे. पीटर हुटेनलोकर. शिकागो विद्यापीठात बालमेंदूविकारतज्ज्ञ. १९७९ साली त्यांनी २१ मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, नवजात बाळापासून ९० वर्षांच्या व्यक्तीपर्यंत. कपाळामागच्या भागातल्या एकाच घडीचा, त्यातही फक्त तिसऱ्या थराचा तुकडा घ्यायचा आणि एक घन मिलिमीटरमध्ये किती सिनॅप्स बसतात ते काढायचं. प्रौढांत सरासरी निघाली ११ गुणिले १० चा आठवा घात, म्हणजे घन मिलिमीटरला सुमारे ११० कोटी. बाजरीच्या एका दाण्याहूनही लहान जागेत ११० कोटी! नवजात बाळात ही घनता जवळपास प्रौढांइतकीच होती. पुढे ती वाढत जाऊन एक ते दोन वर्षांच्या दरम्यान शिखरावर गेली, प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त. मग दोन ते सोळा वर्षांत हळूहळू उतरून स्थिरावली.

आता करा टक्केवारी. प्रौढ म्हणजे १०० धरलं, तर दोन वर्षांच्या मुलाचा ‘विकास’ १५० टक्के! आणि तिथून पुढे शाळेची सगळी वर्षं अधोगती!

असला हिशेब कुणी करणार नाही, कारण सिनॅप्स कमी होणं हासुद्धा विकासच आहे. आधी भरमसाट जोडण्या तयार होतात, वापरातल्या टिकतात, बाकीच्या छाटल्या जातात. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजवावं लागणार नाही. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये तो वेलीवर कात्री चालवतो तेव्हा बाग मागे गेली असं तो म्हणत नाही. (उपमा इथपर्यंतच. मेंदूत कात्री घेऊन उभा असलेला बागायतदार कुणी नसतो.)

हुटेनलोकर यांनी १९९७ साली अरुण दाभोळकर यांच्यासोबत आणखी एक पेपर लिहिला. तो पीडीएफ उघडून आडनाव वाचल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं, ते असो. या वेळी त्यांनी मेंदूचे दोन भाग शेजारी ठेवले. आवाज ऐकण्याशी संबंधित भागात सिनॅप्सची घनता जन्मानंतर सुमारे तिसऱ्या महिन्यातच शिखर गाठते, आणि छाटणी बाराव्या वर्षापर्यंत आटोपते. नियोजन, संयम वगैरेंशी जोडल्या जाणाऱ्या कपाळामागच्या भागात शिखर येतं पंधरा महिन्यांनंतर, आणि छाटणी पौगंडावस्थेच्या मध्यापर्यंत चालू राहते. पुढे २०११ साली पेटान्येक आणि सहकाऱ्यांनी याच भागातल्या काही पेशींमध्ये ती वयाच्या तिशीपर्यंत रेंगाळताना दाखवली. एकाच डोक्यातले दोन शेजारी, आणि दोघांची घड्याळं वेगळी.

२०२२ साली ‘नेचर’मध्ये बेथलेहेम आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. एक लाखाहून जास्त माणसांचे सुमारे १ लाख २४ हजार एमआरआय एकत्र करून त्यांनी मेंदूचे ‘वाढीचे तक्ते’ काढले. मेंदूच्या सालीची जाडी शिखर गाठते १.७ व्या वर्षी. करड्या द्रव्याचं आकारमान ५.९ व्या वर्षी. आणि पांढरं द्रव्य, म्हणजे लांबच्या भागांना जोडणाऱ्या, मायलिनचं वेष्टन असलेल्या तंतूंचं जाळं, ते २८.७ व्या वर्षी. पहिलीत बसलेल्या एकाच मुलाकडे बघा. एका मापाने त्याचं शिखर केव्हाच मागे पडलंय, दुसऱ्या मापाने तो आत्ता शिखरावर आहे, आणि तिसऱ्या मापाने अजून वीसेक वर्षं चढण बाकी आहे. या तिन्हींची मिळून एक टक्केवारी कशी काढणार?

आता थोडं पद्धतीबद्दल, कारण व्हायव्हामध्ये अडवतात ते इथेच.

हुटेनलोकर यांच्या आलेखात प्रत्येक ठिपका म्हणजे मरण पावलेली एक व्यक्ती आहे. मेंदूचा तुकडा काढून सिनॅप्स एकदाच मोजता येतात, तेच मूल दोन वर्षांनी परत मोजता येत नाही. म्हणजे हा आडवा छेद घेणारा अभ्यास आहे. वेगवेगळ्या वयांची वेगवेगळी माणसं शेजारी मांडून आपण त्यांच्यातून रेघ ओढतो. ती रेघ एका मुलाच्या वाढीची कहाणी वाटते, पण तसं एकही मूल त्यात नाही. शिवाय २१ मेंदू शून्य ते नव्वद वर्षांत विभागले, की लहानपणाच्या वाट्याला किती ठिपके येतील त्याचा अंदाज करा. म्हणून मी या कामाला कमी लेखत नाही. लहान मुलाचा मेंदू अभ्यासासाठी मिळतो तो एखाद्या घरावर आभाळ कोसळलेलं असताना. त्या परिस्थितीत मिळालेल्या सामग्रीतून इतकं काटेकोर काम करणं सोपं नाही. पण ‘विज्ञानाने सिद्ध केलं आहे’ असं लिहिताना आपल्या वाक्याखाली किती मेंदू आहेत हे ठाऊक असावं.

दुसरी खोच घनतेची. घनता म्हणजे संख्या भागिले जागा. संख्या तेवढीच राहिली आणि मेंदू फुगला, तरी घनता घटते. नवजात बाळात घनता प्रौढांइतकी होती म्हणून जोडण्याही तितक्याच होत्या असं होत नाही, कारण तो मेंदू केवढासा! घनता, एकूण संख्या आणि दर पेशीमागे संख्या, या तीन वेगळ्या राशी आहेत. दुसऱ्याच्या पेपरमधला आलेख आपल्या प्रस्तावनेत घेताना उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचत चला. निम्मे घोटाळे तिथेच टळतात.

याच जातीचा दुसरा लाडका आकडा म्हणजे ‘बाळाच्या मेंदूत दर सेकंदाला दहा लाख जोडण्या होतात’. हार्वर्डच्या बालविकास केंद्राच्या प्रकाशनांतून तो जगभर गेला. गंमत म्हणजे त्याच केंद्राच्या आधीच्या आवृत्तीत ‘दर सेकंदाला ७०० ते १०००’ होतं. नंतर त्यांनीच ते बदलून दहा लाखांहून जास्त केलं आणि बदल केल्याचं नमूदही केलं. एकदम हजारपट फरक! आजही जुना आणि नवा दोन्ही आकडे सुखाने फिरतात, कधीकधी एकाच स्लाइड-शोमध्ये.

यातला कुठला खरा वाटतो ते ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही, पाठकोरा कागद पुरतो. तीन वर्षांत साधारण साडेनऊ कोटी सेकंद असतात. सेकंदाला एक हजार धरले तर जोडण्या होतील सुमारे ९,५०० कोटी. माणसाच्या मेंदूत न्यूरॉनच सुमारे ८,६०० कोटी असतात. म्हणजे तीन वर्षांत दर न्यूरॉनच्या वाट्याला जेमतेम एक जोडणी, आणि हे काही खरं नाही. आता सेकंदाला दहा लाख धरा. बेरीज येते सुमारे ९५ लाख कोटी. प्रौढ मेंदूच्या सालीचं आकारमान पाच लाख घन मिलिमीटरच्या घरात असतं. त्याला हुटेनलोकर यांच्या ११० कोटींनी गुणलं तर साडेपाचशे लाख कोटी येतात. एका थरातला आकडा सगळ्या सालीला लावणं हे जरा धाडसच, पण अंदाजासाठी चालतं. म्हणजे ‘दहा लाख’ निदान त्या गल्लीतला तरी आहे, ‘हजार’ त्या गावातलाच नाही. आणि ही सरासरी झाली. कुणी सेकंदकाटा लावून मोजलेली गोष्ट नव्हे. मोठा आकडा समोर आला की असा गुणाकार करायची सवय लावा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता ‘संधीची खिडकी’. मेंदूबद्दलच्या लेखांत ही खिडकी एकदा बंद झाली की कायमची बंद, असा सूर असतो. यामागचं माझं सगळ्यात आवडतं संशोधन आपल्या भाषेला अगदी जवळचं आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. आपल्याला ‘वात’ आणि ‘वाट’, ‘पात’ आणि ‘पाट’ यांतला फरक झोपेतही कळतो. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तो पकडणं फार जड जातं. बाळांना विचारणार कसं? बाळ आईच्या मांडीवर. एकच अक्षर पुन्हापुन्हा ऐकू येतं. अक्षर बदललं आणि बाळाने मान वळवली, की बाजूच्या पेटीत खेळण्यातला प्राणी उजळून हलायला लागतो. बाळ दोन-चार वेळांत हे शिकतं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक इंग्रजी बाळांना ‘त’ आणि ‘ट’ वेगळे कळत होते. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळले. हिंदी घरातल्या त्याच वयाच्या बाळांना मात्र छान कळत होते.

म्हणजे वर्षाच्या आत बाळाने काहीतरी गमावलं, आणि ते गमावणं म्हणजेच आपली भाषा शिकण्याची तयारी. इथे एक मोह होतो. ‘जोडण्या छाटल्या गेल्या म्हणून ट गेला’ असं जोडून टाकावंसं वाटतं. वर दिलेली वयं पुन्हा बघा. ऐकण्याच्या भागातलं शिखर तिसऱ्या महिन्यात, छाटणी बाराव्या वर्षापर्यंत, आणि हा बदल दहाव्या-बाराव्या महिन्यात. दोन वेगळ्या अभ्यासांतले दोन आलेख एका कागदावर काढले म्हणून त्यांच्यात कार्यकारण तयार होत नाही.

आणि खिडकी खरंच किती घट्ट बंद होते? ह्यूबेल आणि वीझल यांचे मांजरीच्या पिल्लांवरचे प्रयोग (त्यांचं नोबेल १९८१चं) सांगतात, की सुरुवातीच्या ठरावीक काळात एक डोळा झाकून ठेवला तर त्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू होते. पण पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेल्या, आठ वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या भारतीय मुलांचा अभ्यास झाला आहे. त्यांची नजर पूर्ण सुधारली नाही, बारीक तपशील कमीच दिसत राहिले. तरी त्यांतल्या काहींची फिकट-गडद ओळखण्याची क्षमता शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत वाढली. जुन्या समजुतीप्रमाणे हे व्हायलाच नको होतं. ‘आता काय उपयोग’ म्हणून अशा एखाद्या मुलाची शस्त्रक्रिया टाळली गेली, तर त्या ‘बंद खिडकी’ची किंमत ते मूल आयुष्यभर मोजेल. ‘८५ टक्क्यां’चंही तेच. दुसरीत अक्षर न ओळखणाऱ्या मुलाबद्दल ‘याची सहा वर्षं गेली’ असं शिक्षकाने मनात जरी धरलं, तरी त्या मुलाच्या वाट्याला येणारा वेळ कमी होतो.

मग बालवयात खर्च करा, सेविकांना नीट मानधन द्या, हे सगळं कशाच्या बळावर म्हणायचं? जॉन ब्रुअर यांनी १९९९ सालच्या आपल्या पुस्तकात, पहिल्या तीन वर्षांच्या ‘मिथका’बद्दल लिहिताना, सिनॅप्सच्या आलेखावरून थेट धोरणापर्यंत उडी मारणाऱ्यांना चांगलंच धारेवर धरलं होतं. मला वाटतं, त्या उडीची गरजच नाही. सरळ पुरावा आहे, आणि त्यात मेंदूचं चित्र एकही नाही.

सुझन ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८६-८७ साली जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली, उंची खुंटलेली, ९ ते २४ महिन्यांची १२९ मुलं घेतली. चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुधावर आधारित पूरक आहार. दुसऱ्याच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास यायची, आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंचीच. (ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पानं, बिया, खडे घेऊन बालवाडी चालवली होती, त्याची आठवण येतेच.) तिसऱ्या गटाला दोन्ही. चौथ्याला काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. पहिले निष्कर्ष १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. वीस वर्षांनी संशोधकांनी त्यांतल्या १०५ जणांना शोधून काढलं. ज्यांच्या घरी खेळ पोचला होता त्यांची कमाई तुलनेच्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. हा पेपर २०१४ साली ‘सायन्स’मध्ये आला. नुसत्या पूरक आहाराचा असा दीर्घकालीन परिणाम दिसला नाही.

या २५ टक्क्यांना अंश आहे, छेद आहे, तुलनेचा गट आहे आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली वाटणी आहे. मर्यादाही उघड आहेत. मुलं फक्त १२९, शहर एक, काळ चाळीस वर्षांपूर्वीचा.

सिनॉप्सिस दुरुस्त करायला बसलात तर पहिलं वाक्य असं काहीसं करता येईल: ‘सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ आकाराच्या जवळ पोचतो, मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतल्या जोडण्यांची घडण मात्र वेगवेगळ्या वेगाने तारुण्यापर्यंत चालू राहते.’ वाक्य लांबलं आहे, फ्लेक्सवर मावणार नाही. आणि तुमचा विषय अंगणवाडीचा असेल तर त्याच्या खालीच जमैका येऊ द्या, कारण कमिटीतला पुढचा प्रश्न ठरलेला आहे: ‘हे जमैकात झालं, आपल्याकडे सेविकेला आठवड्याला एका घरासाठी एक तास मिळतो का?’ त्याचं उत्तर कुठल्याही मेंदूच्या आलेखात नाही. त्यासाठी सेविकेच्या मागे दिवसभर वही घेऊन फिरावं लागेल, आणि तुमचा प्रकरण तिसरं कदाचित तिथूनच सुरू होईल.